एका कुलपाखाली दोघं

कारखाना एवढा लांब होता की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसावा, आणि माणसं इतकी थोडी की ती मुंगीसुद्धा क्वचितच दिसावी. तिथे कपडे धुण्याच्या यंत्रांची पत्र्याची पिंपं तयार होत. पत्र्याची गुंडाळी एका दाराने आत जाई आणि दुसऱ्या दाराने पिंपांची रांग बाहेर पडे. मधलं सगळं अकरा पिवळे लोखंडी हात करत. कापायचं त्यांनी, वाकवायचं त्यांनी, जोडायचंही त्यांनीच. त्यांना घाम नव्हता, तहान नव्हती, दयामाया तर नव्हतीच. प्रत्येक हाताभोवती दीड पुरुष उंचीची जाळी होती. तिला सगळे पिंजरा म्हणत.

"बाहेर असतो तोवर आपण मालक," जुना वेल्डर म्हणायचा. "दार उघडून आत गेलो की आपण त्याचं जेवण." वेल्डरने नऊ वर्षांत स्वतः एक टाका घातला नव्हता. हातांनी घातलेले टाके पडद्यावर बघत बसणं हेच आता त्याचं काम. तोंड मात्र जुन्यासारखंच चालायचं.

ह्या अकरा हातांच्या नसा ज्याला पाठ होत्या, तो थोरला. कागदोपत्री इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर. वायरमन म्हणून लागला होता, मग कामावरून घरी जाऊन अभ्यास करत करत त्याने इंजिनिअरचा शिक्का मिळवला. पॅनेलचं दार उघडून तो क्षणभर नुसता उभा राही. जळक्या वासावरून सांगे कुठला कॉन्टॅक्टर, वीज जोडणारा खटका, चिकटलाय. बोटं अशी जाड की शर्टाचं बटण लावायला वेळ लागे, पण केसासारख्या तारा तीच बोटं अंधारातसुद्धा वेगळ्या करत. खिशात टेस्टर, कमरेला चामडी पट्टा, पट्ट्याला लाल कुलूप. त्या कुलपावर त्याचा फोटो चिकटवलेला होता, आणि फोटोतही तो कपाळाला आठी घालूनच होता.

धाकटा त्याचा सख्खा भाऊ, त्याच कारखान्यात फिटर. नट-बोल्ट, बेअरिंग, लोखंडाशी संबंध असलेलं सगळं त्याचं. थोरला शांत, बोलला तर मोजकं. धाकटा म्हणजे भडकता स्टोव्ह. लोक दोघांना प्लस आणि मायनस म्हणत. "दोघांना लांब लांब ठेवा रे," वेल्डर ओरडायचा, "चिकटले तर शेड उडेल!"

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

पिंजऱ्यात शिरायचं तर आधी बाहेरचा मोठा स्विच खाली पाडायचा आणि त्याच्या दांड्याला आपलं कुलूप ठोकायचं. किल्ली आपल्या खिशात. चार माणसं आत गेली तर दांड्याला चार कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर तो स्विच कोणाच्या बापालाही वर करता येत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या कुलपाखाली आत जायचं नाही. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. सगळे पाळत.

हे दोघे तेवढे पाळत नव्हते.

अकरा वर्षं धाकटा थोरल्याच्या कुलपाखाली आत जात होता. त्याचं स्वतःचं लाल कुलूप लॉकरच्या तळाशी, घडी न उघडलेल्या मोज्यांखाली पडून होतं. सेफ्टी ऑफिसरने एकदा हटकलं, तेव्हा धाकटा हसून म्हणाला होता, "साहेब, ह्याच्या कुलपाखाली मी कारखाना बांधायच्या आधीपासून आहे."

ते खोटं नव्हतं.

बाप त्यांचा खांबावर चढणारा वायरमन. दिवसभर उन्हात लोंबकळायचा आणि घरी आला की हातात तिपदरी केबलचा वावभर तुकडा असायचा. कारण लागत नसे. पाणी गार होतं म्हणून मार, गरम होतं म्हणून मार. केबल पाठीवर बसली की आधी आवाज येतो आणि मग, श्वासभराने, आग. थोरला दहा वर्षांचा, धाकटा पाचाचा. आई मधे पडून पडून लवकर गेली. मग थोरल्याने युक्ती काढली. बापाची सायकल कोपऱ्यावर वाजली की तो धाकट्याला सामानाच्या खोलीत ढकली, बाहेरून कुलूप घाली आणि किल्ली गालात धरी. बाप विचारी, "किल्ली कुठंय?" किल्ली गालात असताना बोलता येत नाही. मग केबल. दात मिटून, किल्ली चावत, तो दोघांचा मार एकटा खाई. बाप दमून झोपला की दाराला तोंड लावून विचारी, "आहेस का रे आत?" आतून धाकटा बोटाच्या पेराने दोनदा वाजवी. टक्, टक्. मग कुलूप उघडे.

कारखान्यात तेच चालू राहिलं. पिंजऱ्याचं कुलूप काढण्याआधी थोरला हाताचा कर्णा करून हाक मारी, "आहेस का रे आत?" शेजारच्या प्रेसच्या धडाक्यातूनही ती हाक आरपार जाई. आतून धाकटा पान्यानं लोखंडावर दोनदा वाजवी. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. वेल्डर म्हणायचा, "नवराबायको इतकं विचारत नाहीत एकमेकांना."

बाप अजून होता. लाकडासारखा वाळलेला, डोकं फिरलेला, थोरल्याच्या घरात खाटेवर. एकाच अंगणात दोन भावांची दोन घरं. बापाला अंघोळ घालायला दोघं लागत, कारण म्हाताऱ्याच्या हातात अजून ताकद होती आणि सवयही. एक धरी, दुसरा पाणी घाली.

त्या सकाळी थोरला तांब्या भरायला वळला तेवढ्यात म्हातारा धाकट्याच्या तोंडावर थुंकला. म्हणाला, "केबल आण. तुझी आई तुला लपवते." धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने उजव्या हाताने बापाच्या कानाखाली एक ठेवून दिली. नुसती चापट नव्हती. म्हाताऱ्याचं डोकं फरशीवर आदळलं आणि पाणी लाल झालं.

थोरल्याने तिथे काहीच केलं नाही. बापाचं रक्त पुसलं, पट्टी बांधली, अंगावर पांघरूण ओढलं. दोघं एकामागोमाग, न बोलता कामावर आले. लॉकरच्या खोलीत पाच जण कपडे बदलत होते. तिथे थोरला वळला आणि त्याने धाकट्याला मारायला सुरुवात केली.

त्याला मारताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. तो आवाज न करता मारत होता. पहिल्या ठोशात धाकट्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात तो लॉकरच्या पत्र्यावर आपटला आणि पत्र्याला पोचा पडला. धाकट्यानेही गुडघा घातला, थोरल्याच्या पोटात. दोघं बाकावरून खाली लोळले. थोरल्याने त्याचा उजवा हात पिरगाळून पाठीशी नेला आणि त्याच्या कानात नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा हात पुन्हा बाबांवर उचललास तर मोडून ठेवीन. मुळासकट!"

"तुझे बाबा!" धाकटा रक्त थुंकत म्हणाला. "मार खाऊन खाऊन त्याचा भक्त झालास तू!"

लोकांनी ओढून वेगळं केलं. वेल्डरने दोघांच्या मधे उभं राहून थट्टा करायचा प्रयत्न केला, पण त्यालाही काही सुचलं नाही. पाचही जणांनी ते वाक्य ऐकलं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी चार नंबरच्या हाताने काम अडवलं.

चार नंबर आठवडाभर उगीचच ओरडत होता. मधूनच थांबायचा आणि पडद्यावर लिहून यायचं, जादा भार. भार काही नसायचा. थोरल्याने ताडलं होतं की एक केबल आतून तुटत आलीय आणि हाताला खोटंच वाटतंय की काहीतरी अडकलं. तोवर लोक काय करत? पुन्हा चालू करायचं बटण दाबत. दाबलं की गप चालायचा. बोटांना सवयच लागली होती. लिहून आलं की दाब, लिहून आलं की दाब.

थोरल्याने स्विच पाडला, कुलूप ठोकलं आणि केबल बदलायला आत गेला. धाकटा मागून आला. पिंप धरणारी हाताची बोटं सैल झाली होती, ती आवळायची होती. पिशवी घेऊन तो पिंप टेकवायच्या लोखंडी घोडीच्या मागे, हाताच्या पोटाखाली जाऊन बसला. दोघांत सहा फुटांचं अंतर. एक तास दोघांनी तिथे काम केलं आणि एक शब्द बोलले नाहीत. थोरल्याला पकड हवी होती, मागितली नाही. धाकट्याला उजेड हवा होता, त्याने सांगितलं नाही.

थोरल्याचं काम झालं. तो बाहेर आला, पिंजऱ्याचं दार ओढून घेतलं. धाकटा बाहेर ज्या खुंटीवर पिशवी अडकवायचा ती खुंटी रिकामी होती. पिशवी नाही, म्हणजे गेला असेल, थोरल्याच्या मनात आलं. पिशवी तर धाकट्याने आत नेली होती. त्याच्या मनाने सोयीचं तेवढं पाहिलं. हाक तोंडाशी आली होती. ओठ उघडलेसुद्धा. पण त्या हाकेत "रे" होतं, भाऊपण होतं, आणि सकाळच्या भांडणानंतर ते पहिलं वाक्य ठरलं असतं. पहिलं मी का बोलू? हा प्रश्न त्याच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला. त्याने ओठ मिटले आणि कुलूप काढलं.

स्विच वर केला. पंखे घुमायला लागले. पडदा उजळायला चाळीस सेकंद लागत, तेवढा वेळ तो पुसायच्या कापडाने बोटं पुसत उभा राहिला. मग हाताला त्याच्या मूळ जागी जायचा हुकूम दिला, सावकाश चालीत. सावकाश असला तरी त्या हातात चार बैलांचा जोर. तो उठला, वळला, आणि अडला.

पडद्यावर आलं, जादा भार.

अजून तीच खोड, थोरल्याच्या मनात आलं. त्याच्या बोटाने बटण दाबलं.

हात पुन्हा दोन इंच सरकला. तेवढ्यात आतून आवाज आला. किंचाळी असेल तर ती प्रेसच्या धडाक्यात गेली. आला तो लोखंडावर लोखंडाचा. टक्, टक्. थांबून पुन्हा, वेडावाकडा, टक्, टक्. कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत होतं.

थोरल्याने लाल बटणावर मूठ मारली, इतक्या जोरात की बटणाची टोपी फुटली. आत धावला. धाकटा घोडीला पाठ लावून उभा होता, खरं तर टांगलेला होता. उजवा हात कोपराच्या वरपासून लोखंडी बोटं आणि घोडीच्या मधे गेला होता आणि जिथे जाडी हवी तिथे जाडी उरली नव्हती. बाही काळी-लाल भिजलेली. फरशीवर ग्रीसमध्ये रक्त मिसळत नव्हतं, थेंब थेंब होऊन वर साचत होतं. डाव्या हातात पाना. डोळे थोरल्यावर.

वेल्डर आणि दोन फिटर पहार घेऊन आले. ब्रेक हाताने सोडवून, पहारीने तो पिवळा हात उचलायला चौघांचा दम लागला. उचलला तेव्हा हाडाचा कडाड आवाज झाला आणि धाकटा आता खरंच किंचाळला, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा. थोरल्याने कमरेचा पट्टा काढला, त्याच्या खांद्याखाली आवळला, दातांनी ओढून आवळला. लाल कुलूप पट्ट्याला तसंच होतं. ते धाकट्याच्या छातीवर आपटत राहिलं, गाडीत घालेपर्यंत.

हात खांद्याखालून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी तीन फिटरांनी थोरल्याला त्याच लॉकरच्या खोलीत गाठलं. "मुळासकट म्हणाला होतास ना?" एकाने विचारलं. "शब्दाचा पक्का निघालास." एकाने मागून धरलं, दोघांनी मारलं. त्याने हात वर केला नाही. ओरडलाही नाही. लहानपणची सवय त्याला कामी आली, दात मिटून घ्यायची. दोन बरगड्या मोडल्या. वेल्डर मधे घुसला तेव्हा त्यालाही एक बसली. त्याचा चष्मा पायाखाली चुरला.

तशाच बरगड्या बांधून तो चौकशीला बसला. सेफ्टी ऑफिसर वाईट माणूस नव्हता. समोर कागद, हातात पेन.

"कुलूप काढण्याआधी हाक मारली होतीत?"

खोलीत पंखा फिरत होता. थोरल्याला दिसलं की इथे नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न कुठला आहे. पाच साक्षीदार, एक धमकी, आणि न मारलेली हाक. नुसती चूक असं कोण म्हणेल? बायको, मुलगी, खाटेवरचा म्हातारा, सगळं एका शब्दावर लटकत होतं.

"मारली होती," तो म्हणाला. "उत्तर आलं नाही."

ऑफिसरने लिहून घेतलं. मग इस्पितळात जाऊन धाकट्याला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला काही आठवत नाही."

झालं. आता कागदाप्रमाणे दोष कोणाचा? ज्याने स्वतःचं कुलूप लावलं नाही, ज्याने हाकेला ओ दिली नाही, त्याचा. चार महिन्यांनी निकाल सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं ठरलं. धाकट्याचा हात गेलाच होता, आता नोकरीही जाणार होती, आणि वर शिक्का बसणार होता की स्वतःच्या बेफिकिरीने गेली. थोरला रोज कामावर येत राहिला.  पॅनेलचं दार उघडल्यावर आता त्याला जळका वास ओळखू येईना, सगळ्यालाच एक वास येई, गरम ग्रीस आणि रक्ताचा.

धाकटा घरी बसून असे. अंगणात समोरासमोर आले तर थोरला मान खाली घाली. आठवत नाही ना त्याला, तो स्वतःला समजावी. न आठवलेलंच बरं. बापाला एकटाच अंघोळ घाली, आणि म्हातारा रोज त्याला ओरबाडी. मानेवर, दंडावर नखांच्या रेघा. ते त्याला बरंही वाटे.

निकालाच्या आदल्या दिवशी, सुट्टी होती, थोरला अंगणात बसून शेजाऱ्याची इस्त्री दुरुस्त करत होता. धाकट्याची बायको समोर येऊन उभी राहिली. चार महिन्यांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही हाक मारली होती?"

थोरला स्क्रू फिरवत राहिला. "कागदावर आहे ना ते."

"कागदाचं नाही विचारत." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "हे झोपेत बोलतात. एकच वाक्य. दादा, हाक का नाही मारलीस. जागं केलं की म्हणतात, मी काही बोललोच नाही."

थोरल्याचा हात थांबला.

"म्हणजे त्याला..."

"सगळं आठवतंय त्यांना! पहिल्या दिवसापासून!" आता ती ओरडली. तिने त्याच्या पुढ्यातली इस्त्री उचलली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. थोरला हलला नाही. डोळेही मिटले नाहीत. ती इस्त्री त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थरथरत राहिली आणि मग तिने ती दगडावर आपटली. झाकण उडालं, तारेची जळकी वेटोळी बाहेर आली. थोरल्याची बायको दारात येऊन उभी होती, तोंडावर पदर. तिने जावेला आवरलं नाही, नवऱ्याचीही बाजू घेतली नाही.

"लहानपणी तुम्ही किल्ली गालात धरायचात ना?" धाकटी जाताना म्हणाली. "आता कोणासाठी धरलीय?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चार नंबरच्या पिंजऱ्यासमोर सगळे जमले. अकराही हात बंद केले होते. एवढी शांतता त्या शेडमध्ये कधी नव्हती, माणसं आपोआप हळू बोलायला लागली. धाकटा आला. शर्टाची उजवी बाही घडी घालून पिन लावलेली. दाढी अर्धवट, डाव्या हाताने केलेली. फिटर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. थोरला एकटा, पॅनेलला टेकून.

मॅनेजर वाचायला लागला. तारीख, वेळ, पिंजऱ्याचा क्रमांक. "सदर कामगाराने स्वतःचे कुलूप न लावता प्रवेश केला. इंजिनिअरने नियमाप्रमाणे हाक मारली असता सदर कामगाराने प्रतिसाद दिला नाही. त्यामुळे..."

"थांबा," थोरला म्हणाला.

मॅनेजरने मान वर केली. "तुमचं काय असेल ते नंतर..."

"नंतर नाही. हाक मारली नव्हती मी."

एक फिटर पुढे सरकला. वेल्डरने त्याच्या छातीवर पंजा ठेवला.

"विसरलो नव्हतो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन परत येत होता. "तोंडाशी आली होती. सकाळी भांडलो होतो आम्ही. पहिलं मी का बोलू, असं मनात आलं. म्हणून नाही मारली. हात मोडायचा म्हणून काढलं नाही कुलूप, एवढं खरं माना किंवा नका मानू. पण हाक नव्हती. तो आत होता आणि मी विचारलं नाही. कागद फाडा तो."

"ह्याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" सेफ्टी ऑफिसर हळू म्हणाला. "पोलिसांत जाईल हे."

"जाऊ दे."

धाकटा चालत आला. माणसं बाजूला झाली. तो थोरल्यासमोर उभा राहिला, नाकाला नाक लागेल एवढा जवळ, आणि त्याने डाव्या हाताने मारलं. डाव्या हाताने मारायची त्याला सवय नव्हती, ठोसा गालाच्या हाडावर तिरपा बसला. थोरला पॅनेलच्या दारावर आदळला. धाकट्याने दुसरा मारला, तो नीट बसला, तोंडावर. दात तुटल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तिसऱ्याला धाकट्याचा तोल गेला, कारण उजव्या बाजूला वजनच नव्हतं. तो पडणार तोच थोरल्याने त्याला कमरेत धरलं. धाकट्याने तसंच धरलेल्या अवस्थेत, कोपराने, त्याच्या मोडून जुळलेल्या बरगडीवर आणखी एक हाणली.

कोणी मधे पडलं नाही.

"चार महिने!" धाकटा धापा टाकत होता. "एवढं बोलायला चार महिने?"

थोरल्याने तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं. त्यात दात होता.

"पंखे सुरू झाले ना, तेव्हा मला कळलं होतं," धाकटा म्हणाला. आता तो फक्त थोरल्याशी बोलत होता, बाकीच्यांना ऐकण्यासाठी माना पुढे कराव्या लागल्या. "वीज आलीय हे कळलं होतं. चाळीस सेकंद होते. ओरडता आलं असतं. पळता आलं असतं. मी बसून राहिलो. म्हटलं, बघू तरी, आज हाक मारतो का."

 थोरल्याचा चेहरा एका बाजूने सुजत चालला होता.

"कागदावर हेही लिहा," धाकटा मॅनेजरकडे न वळताच म्हणाला. "दोघांचं लिहा."

मॅनेजरने कागदाकडे पाहिलं. असलं काही लिहायला त्यावर रकाना नव्हता. सेफ्टी ऑफिसर पुढे आला आणि त्याने थोरल्याच्या पट्ट्यावरचं लाल कुलूप मागितलं. थोरल्याने पट्टा सैल केला, कुलूप काढलं, किल्लीसकट दिलं. पुढचा निर्णय होईपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. तो निघाला.

दारापाशी मागून पावलं आली.

"आज सकाळी बाबांना अंघोळ घातलीस?" धाकट्याने विचारलं.

"नाही. निकाल होता ना."

"मग चल. घाण वास येतोय त्या खोलीला, माझ्या घरापर्यंत येतो." दहा पावलं चालल्यावर तो पुन्हा म्हणाला, "मला एका हाताने जमत नाही म्हणून. नाहीतर तुझं तोंड बघितलं नसतं."

घरी म्हाताऱ्याला न्हाणीत बसवलं. धाकट्याने डाव्या हाताने त्याची दोन्ही मनगटं पकडायचा प्रयत्न केला, पण एका मुठीत दोन मावेनात. एक सुटलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं. समोर रक्ताळलेला, सुजलेला चेहरा दिसला आणि जुनं काहीतरी त्याच्या डोक्यात पेटलं. त्याने सुटलेल्या हाताने थोरल्याच्या त्याच गालावर फाडकन ठेवून दिली.

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नुसत्या कळेनं.

"मारा बाबा," धाकटा म्हणाला. "आज ह्याचा दिवसच आहे." मग त्याने म्हाताऱ्याचं ते मनगट स्वतःच्या हनुवटी आणि खांद्यामधे अडकवलं, दुसरं मुठीत घट्ट धरलं. म्हातारा झटके देत होता, शिव्या देत होता, केबल मागत होता.

"धरलंय मी," धाकटा दात आवळून म्हणाला. "घाल पाणी."